डिप कमी भरते

थोरल्याचा जगावर विश्वास नव्हता, आणि त्याच्या मते यात चूक जगाचीच होती.

उभी हयात त्याने तेलाचा टँकर चालवला. पंपावर पोचलं की मालक आधी टँकरवर चढायचा, झाकण उघडून आत लांब पट्टी सोडायचा आणि ओल कुठवर आली ते बघायचा. याला डिप म्हणतात. डिप बोटभर जरी कमी भरली तरी मालक पट्टीकडे बघायचं सोडून थोरल्याच्या तोंडाकडे बघायला लागायचा. मग सीटखाली शोध, डब्यात शोध, खिशात शोध. खिशात कुणी डिझेल ठेवतं का, हे विचारायची सोय नव्हती. कमी भरलं म्हणजे कुणीतरी काढलं, हे त्या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. थोरल्याने कधी थेंब चोरला नाही, पण झडत्या देऊन देऊन झडती घ्यायचा स्वभाव मात्र अंगात मुरला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याने डेपोतला एकेक नळ बंद होताना पाहिला. रांगा लांबत गेल्या, टँकर अर्धे भरून निघू लागले. पेपरात ‘तात्पुरती टंचाई’ असं छापून यायचं. "तात्पुरती म्हणजे कायमची," तो बायकोला सांगायचा. "आधी पंप बंद, मग गाड्या, मग दुकानं, मग बँका. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातले आपण नाही."

निवृत्त झाल्यावर त्याने तयारी सुरू केली. धान्याच्या कोठ्या आल्या, हाताने फिरवायची गिरणी आली, सायकल, मीठ, कंदील आणि खोकी भरून काडेपेट्या. बायको म्हणायची, "घराला आग लागली तरी काडेपेट्या उरतील." अंगणापलीकडच्या घरातून धाकटा भाऊ आणि भावजय हसायची. थोरल्याला हसण्याचं काही नव्हतं. हसणारा माणूस माल बघून ठेवत नाही, एवढं त्याला पुरे होतं.

डिझेलचं मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. भावजयीच्या माहेरी लग्न होतं, दोन्ही घरं तिकडे गेली. थोरला कंबर धरून घरी राहिला आणि सगळ्यांची पाठ वळताच कंबर सोडून त्याने कुदळ धरली. भंगारातून आणलेली पिंपं डिझेलने भरून त्याने परसात पुरली. दोन्ही घरांच्या विहिरीच्या बाजूची माती भुसभुशीत, खणायला सोपी, म्हणून तिथेच. वर लाकडांचा ढीग रचला. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, असं त्याचं मत होतं.

दर रविवारी लाकडं नीट लावायच्या निमित्ताने तो मागे जायचा, झाकण फिरवायचा, पट्टी सोडायचा.

डिप कमी भरायला लागली. आधी बोटभर, पुढे चार बोटं, मग वीतभर. त्याने पट्टी पुसून पुन्हा सोडली. ओल तिथेच.

थोरला उठला आणि सवयीने आजूबाजूच्या तोंडांकडे बघायला लागला. लांब जायची गरज नव्हती. अंगणाच्या पुढच्या अंगाला धाकट्याची बेकरी होती आणि बेकरीची भट्टी चालायची डिझेलच्या बर्नरवर. पंपावर आठवड्याला एखादा टँकर आला तर आला, गावात निम्मी दुकानं बंद, आणि धाकट्याच्या धुराड्यातून रोज पहाटे धूर.

"भट्टीला पुरतं का रे डिझेल?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रांगेत उभा राहतो, दादा. मिळतं थोडं. भागवतो."

‘भागवतो’ हा शब्द थोरल्याने घरी नेला आणि रात्रभर उलटसुलट करून पाहिला.

त्याच सुमारास भावजय एकदा कळशी घेऊन दारात आली. "भाऊजी, पाण्याला वास येतोय का हो? रॉकेलसारखा?"

थोरल्याने ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. त्याला कसलाच वास आला नाही. येणार कुठून? आयुष्य तेलाच्या वाफेत गेलेलं, ते नाक त्या वासाला कधीच मेलं होतं. त्याचे कपडे धुऊन धुऊन बायकोच्या नाकाचीही तीच गत. तिनेही हुंगून मान हलवली. पण थोरल्याला वेगळंच खटकलं. विचारताना भावजयीची नजर लाकडांच्या ढिगाकडे गेली होती.

"इथे कशाला येईल रॉकेल?" तो म्हणाला.

"पोरीचं पोट सारखं दुखतंय, म्हणून म्हटलं."

दोन दिवसांनी धाकटा आला. "दादा, विहिरीचा गाळ काढू. आजूबाजूला जरा खणूनही बघू, कुठून काय झिरपतंय का."

थोरल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आधी वासाची हूल, मग पोरीचं पोट, मग कुदळ. यांना जागा ठाऊक आहे, फक्त उघडपणे खणायला निमित्त हवंय.

"विहिरीला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "बापाने बांधलेली विहीर आहे. उद्या पंप बंद पडले तरी गावाला पाजेल एवढं पाणी आहे तिला. खणून झरा दुसरीकडे वळला तर?"

"पण वास—"

"तुझ्या बर्नरचा असेल. जिथे तिथे तोच वास घेऊन फिरतोस."

धाकटा परत फिरला. दादा म्हणाला म्हणजे तसंच असेल, असं मानायची त्याला लहानपणापासूनची खोड. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. थोरल्यानेच त्याला टँकरमध्ये शेजारी बसवून गावोगाव फिरवलं, बेकरी घालून दिली. ते आठवलं की थोरल्याच्या पोटात तुटायचं, आणि तुटलं की राग आणखी वाढायचा. परका चोरतो त्याचं काही वाटत नाही.

मग गिऱ्हाइकं ब्रेड परत आणू लागली. एकीने तोंडावर सांगितलं की तुमच्या ब्रेडला गॅरेजचा वास येतो. धाकट्याने बर्नर उघडून साफ केला, मिस्त्रीकडून तपासून घेतला. मिस्त्री म्हणाला, काही दोष नाही. शेवटी त्याने बर्नर बंदच केला आणि लाकडावर भाजायला लागला. लाकडं विकत आणली. दादाच्या ढिगाला हात लावला नाही.

तरीही ब्रेड परत येतच राहिला.

"असंच चाललं तर बेकरी बंद करतो," तो वहिनीला म्हणाला. "हिच्या भावाने बोलावलंय. त्याच्या गावी जाऊन त्याच्याच दुकानात राबायचं, दुसरं काय."

बायकोने ते थोरल्याला जेवताना सांगितलं. "तो गेला तर तुमच्या तयारीचं काय? गिरणी आणलीत, फिरवणार कोण? आपले हात हे असे थकलेले. वाईट दिवस आले तर हाकेला कोण येणार, कोठीतले गहू?"

"चोर हाकेला येत नाही," थोरला म्हणाला.

"कोण चोर?"

तो ताटावरून उठला. त्या रात्री त्याने कायमचा निकाल लावायचं ठरवलं. रॉकेलमध्ये भेसळ पकडता यावी म्हणून निळा रंग घालतात. त्या रंगाची पुडी त्याच्या जुन्या पेटीत होती. डिझेल मुळात पिवळसर, त्यात निळा पडला की पोपटी होतं. तो हाताला लागला तर लवकर निघत नाही. सकाळी त्याने प्रत्येक पिंपात रंग सोडला आणि रोज काही ना काही काम काढून बेकरीत चकरा मारू लागला. धाकट्याचे हात बघायचा, नखं बघायचा, डबे बघायचा. धाकट्याला वाटलं, दादाला काळजी लागली आहे. तो स्टूल पुढे करायचा.

बरेच दिवस काही दिसलं नाही. मग एका सकाळी, पीठ मळायच्या पाण्याचा स्टीलचा ड्रम अर्धा रिकामा होता तेव्हा, थोरल्याला त्याच्या आतल्या कडेला पोपटी रेघ दिसली.

हातच्या काकणाला आरसा कशाला? त्याने तिथूनच बायकोला हाक मारली. भावजयही पोरीला कडेवर घेऊन आली.

"ह्या ड्रममध्ये डिझेल आणलंस," थोरला म्हणाला. "माझं. पुरलेलं. रंग घातला होता मी त्यात."

धाकट्याने हातातलं पीठ झटकलं. "तुमचं कुठलं डिझेल, दादा?"

"साळसूदपणा पुरे. माझ्या हातचं खाऊन मोठा झालास आणि माझ्याच पिंपाला तोंड लावलंस. वाईट दिवस येतील तेव्हा माझ्या दारात उभा राहू नकोस."

इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य, पण बाहेर पडल्यावर त्याला जराही बरं वाटलं नाही.

"बर्नर बंद आहे," धाकटा सावकाश म्हणाला. "डिझेल घेऊन मी करू काय?" त्याने ड्रममध्ये बोट बुडवून ते हुंगलं. मग बादली उचलली आणि विहिरीकडे निघाला. सगळी मागोमाग गेली.

त्याने दोर सोडला. बादली वर आली ती काठावर ठेवली. पाण्यावर पातळ तवंग होता आणि उन्हात त्याची पोपटी झाक चौघांनाही स्पष्ट दिसत होती. धाकट्याने पाण्याकडे पाहिलं, मग हातभर अंतरावरच्या लाकडांच्या ढिगाकडे.

थोरल्याला सगळं कळलं. भंगारातली पिंपं, भुसभुशीत माती, वीतभर उतरलेली डिप. आपण सगळ्यांना हे पाजलं, हेही कळलं. पण कळलेलं जिभेपर्यंत पोचायच्या आत जीभ आपल्या सवयीने हलली.

"हे तू कधी ओतलंस?"

धाकट्याने दोर खाली टाकला. तो दादाकडे असा बघत होता, जणू हा माणूस त्याला आज पहिल्यांदाच भेटत होता. मग त्याने पोरीला भावजयीच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

"सामान बांध," तो तिला म्हणाला. "आणि पोरीला इथलं पाणी देऊ नकोस."

ती दोघं आत गेली. बेकरीचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. थोरला बादलीजवळ उभा राहिला. त्याला धावत जावंसं वाटत होतं, पाय धरावेसे वाटत होते, आणि पाय जागचे हलत नव्हते.

"कुठे पुरलीयत पिंपं?" बायकोने विचारलं.

थोरल्याने आधी फाटकाकडे नजर टाकली. मग भिंतीपलीकडे.

"हळू बोल," तो म्हणाला.