मखमली खोळीतलं यंत्र

सरकारी इस्पितळात, औषधशास्त्र विभागात, रक्तात औषध किती उतरलंय ते मोजणारं एक यंत्र होतं. तपासणीला वरचे साहेब आले की त्याची मखमली खोळ निघे. साहेबांची पाठ वळली की पुन्हा चढे. खोलीची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात.

त्या दिवशी बाकावर शिंपीमास्तर बसले होते, जळालेल्या तळहाताला पट्टी बांधून. फिट्सच्या गोळ्यांनी हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही, म्हणून ते मागे एकदा दाखवायला आले होते. तेव्हा प्रमुख म्हणाले होते, "मानवत नाहीत, बंद करा." मास्तरांनी बंद केल्या. मग झटका आला आणि ते तापलेल्या इस्त्रीवर कोसळले.

"त्याच गोळ्या पुन्हा सुरू करा," प्रमुख म्हणाले.

तरुण डॉक्टरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "तेवढ्याच? म्हणजे पुन्हा थरथर, पुन्हा बंद, पुन्हा इस्त्री! सर, यांच्या रक्तात औषध किती उतरतं ते मोजू या."

"पुस्तकात डोस दिलाय ना?"

"तो परदेशातल्या माणसांवरून ठरवलाय. आपल्या माणसांचं रक्त कुणी मोजलं?"

"अहो, संशोधन करायला आपल्याकडे आहे काय?"

"यंत्र आहे, सर. आणि त्याला कुलूप आहे."

प्रमुख लालबुंद झाले. बाई हटल्या नाहीत. "तुमचा हा कोट कुणी शिवला?"

"यांनीच."

"माप न घेता?"

मास्तर हळूच म्हणाले, "छे हो! साहेबांचा डावा खांदा उतरता आहे. अंदाजानं बेतला असता तर कोट लोंबला असता."

प्रमुखांनी खांदा सावरला. नजर मास्तरांच्या पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांनी रक्त मोजलं. औषध हवं त्याच्या दुप्पट! मास्तरांचं शरीर ते फार सावकाश जिरवत होतं. डोस कमी केला. तरी पुन्हा झटका आला नाही, हातही स्थिर झाला.

"असं किती जणांना मी 'बंद करा' म्हटलं असेल?" प्रमुखांनी विचारलं.

"कसं सांगणार, सर? मोजलंच नाही."

प्रमुखांनी खोळ घडी करून मास्तरांच्या हाती दिली. "याचं काहीही शिवा. फक्त पुन्हा खोळ शिवू नका."

मंडळी, आपल्या माणसांवर औषध कसं चालतं, हे आपल्यालाच मोजावं लागेल. तुमच्या इस्पितळातलं यंत्र झाकलेलं असेल, तर किल्ली कुणाच्या खिशात आहे ते विचारा. विचारताना आवाज चढला तरी चालेल.