घोळणा

गीताचा घोळणा लहानपणापासून फुटायचा. नांदेडला आई डोक्यावर ओला फडका ठेवायची आणि म्हणायची, "उष्णता आहे. आपल्या घरात सगळ्यांनाच होतं." लग्न होऊन ती हैदराबादला मलकपेठेत आली, तेव्हा नवऱ्याला, धम्मानंदला, तिनं हेच सांगितलं.

चाळिशीनंतर मात्र रक्त थांबेना. नाकात बोळा घालून ती पोळ्या लाटायची. दवाखान्यात नाकातली शीर जाळून घेतली, तरी पुन्हा सुरू. जिना चढताना धाप लागायची.

हिमायतनगरच्या डॉक्टर अपर्णांनी तिचे ओठ निरखले. ओठांवर, बोटांच्या टोकांवर तांबडे ठिपके होते. त्यांनी एक दाबला; तो फिका पडला, बोट काढताच परत लाल.

"रक्तात दोष नाही, रक्तवाहिन्यांत आहे. आईबापांकडून येतो. घरात आणखी कुणाला?"

"आईला होतं. भावालाही. आणि आमच्या ज्योतीला, कॉलेजात आहे ती."

"मुलीची छाती तपासा. फुप्फुसात अशी सदोष वाहिनी असली, तर रक्ताची गुठळी तिथं न अडता थेट मेंदूत जाते."

धम्मानंदनं सोमवारचा स्कॅन ठरवला. ज्योती कुरकुरली, "नक्को ना आई, मी ठीक आहे."

त्याआधीच, शनिवारी जेवताना तिच्या हातातला घास पडला. उचलायला गेली, तर हात हलेना. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना.

डॉक्टरांनी नळी घालून फुप्फुसातली ती वाहिनी बंद केली. जीव वाचला, उजवा हात लुळा राहिला.

"मी दिलं हे तिला," गीता म्हणाली.

"तुला कुठं माहीत होतं?" धम्मानंद म्हणाला.

"नव्हतं. हात तर तिचाच गेला ना."



गीतानं नांदेडला भावाला, संघपालला, फोन लावला. "तुझ्या शिल्पाची छाती तपासून घे."

"ताई, तिची सोयरीक जमत आलीय. हे कुणाजवळ बोलू नकोस." त्यानं फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

ज्योतीला धम्मानंदच्या हवाली करून गीता सकाळच्या गाडीनं निघाली. अंगात रक्त नव्हतं, डब्याच्या दारापर्यंत चालताना दोनदा टेकावं लागलं. संघपालनं दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

ती उंबऱ्यातच बसली. "पोरीला दवाखान्यात नेल्याशिवाय मी उठत नाही."

आतून शिल्पा बाहेर आली. बापाकडं बघितलं, मग आत्याकडं. "कशासाठी न्यायचंय मला, आत्या?"

गीता सांगू लागली. संघपालनं दार लोटून घेतलं नाही, एवढंच.