चहाला जायचं गाणं

तळघराला जिना एकच होता, तोही एका वेळी जेमतेम दोघं चढतील एवढा. दारं दोन, खांब चार, स्पीकर सहा. भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या तीस, त्यांतल्या पाच मोडक्या. आणि जिन्याच्या तोंडाशी, काकांच्या टेबलावरच्या काचेच्या बरणीत, गिटार छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या एकशे वीस. येणाऱ्याच्या हातात एक चकती ठेवायची, जाताना परत घ्यायची. बरणी रिकामी झाली की खोली भरली. तळघर काकांचं, नियमही काकांचा, आणि इतक्या वर्षांत बरणीचा तळ कुणी पाहिला नव्हता.

दोन दारांपैकी एक जिन्याचं. दुसरं मागच्या अंगणाकडे जाणारं, मिक्सरच्या टेबलाशेजारी. ते ताईने स्वतः बंद केलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना आवाजाचा त्रास व्हायचा, म्हणून तिने दाराला दोन गाद्या लावल्या, त्यांवर आडवी फळी ठेवली आणि फळीला आठ स्क्रू मारले. अंगणातला आवाज चौदा डेसिबलने उतरल्यावर तिने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

ताई म्हणजे गाणाऱ्याची थोरली बहीण. शिकली पदार्थविज्ञान, पण संध्याकाळी धाकट्याच्या बँडचा आवाज सांभाळायची. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ढब्बू ड्रमवर एकच कडक ठोका द्यायचा, आणि तो ठोका विरायला किती वेळ लागला ते ताईच्या लॅपटॉपवर उमटायचं. रिकाम्या खोलीत एक पूर्णांक दोन सेकंद. माणसं अंगाने आवाज पितात, त्यामुळे खोली भरली की आकडा उतरतो. बँडमध्ये तिचं नावच पडलं होतं, मीटर.

बँडचे ऐकणारे एक्केचाळीस. ताईला सगळे तोंडओळखीचे होते, कारण त्यांना बँड सापडला तो माणसांकडून. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आपल्या भावाला आणलं, भावाने न्हाव्याला, न्हाव्याने दाढी करता करता दोन गिऱ्हाइकांना पटवलं. असं एकेक करत चार वर्षांत एक्केचाळीस झाले. मग गेल्या आठवड्यात फोनवरच्या गाण्यांच्या कुठल्याशा ॲपने त्यांचं तीन मिनिटांचं एक गाणं सकाळच्या यादीत, दोन गाजलेल्या गाण्यांच्या मधोमध बसवलं. का, ते कुणालाच कळलं नाही. चार दिवसांत ते चार लाख लोकांनी ऐकलं.

"मेनस्ट्रीम म्हणजे नक्की काय रे?" कार्यक्रमाआधी ड्रमची चावी पिळत ढब्बूने विचारलं.

"आपण न शोधता जे गाणं आपल्याला शोधत येतं, ते," धाकटा म्हणाला.

"म्हणजे डास," ताई म्हणाली.

"तू गप गं, मीटर."

"मला विचाराल तर जे आईला पाठ असतं, ते," ढब्बू म्हणाला. "माझी आई आज भांडी घासताना आपलं गाणं गुणगुणत होती. शब्द झाडून सगळे चुकीचे. मला रडूच आलं."

धाकटा हसला, पण गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत राहिला. ॲपवरचं ते लोकांचं लाडकं गाणं शेवटाला ठेवायचं असं ठरलं होतं. आणि आजच्या यादीतून त्याने स्वतःच्या हाताने एक गाणं खोडलं होतं, त्याचं सगळ्यात आवडतं. अकरा मिनिटांचं. टाकी भरताना पाण्याचा आवाज हळूहळू चढत जातो, तसं एकेक सूर चढत जाणारं. ते सुरू झालं की पहिल्या ओळीतला न्हावी उठायचा, "चला, चहा!" म्हणायचा, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माणसं जिना चढून समोरच्या टपरीवर जायची. बँडमध्येही त्याला चहाचं गाणंच म्हणत. शेवटच्या ठोक्याला ताईच्या पडद्यावर एक पूर्णांक दोन, म्हणजे चिटपाखरू नाही. एकदा एक पूर्णांक एक आलं. "कुणीतरी थांबलं होतं बरं का," असं ताईने सांगितल्यावर धाकट्याचा चेहरा उजळला. मग कळलं, खुर्च्यांवर लोकांचे कोट राहिले होते.

"आज नको ते," धाकटा म्हणाला होता. "आज लोक पहिल्यांदाच येतायत. उठून गेले तर मला सहन नाही व्हायचं."

पहिलं गाणं झालं. ढब्बूने ठोका दिला. ताईने पडद्याकडे पाहिलं: शून्य पूर्णांक तीन.

माइक बिघडला, असं तिला वाटलं. विज्ञान शिकलेल्याची हीच खोड, आकडा पटला नाही की आधी यंत्राला दोष द्यायचा. तिने माइकची वायर काढून परत खोचली, माइकवर टिचकी मारली, प्रोग्रॅम बंद करून चालू केला. एवढ्यात दुसरं गाणं संपत आलं. ठोका. शून्य पूर्णांक तीन.

यंत्र बरोबर होतं. हिशेब तोंडपाठ होता. एकशे वीस माणसांना शून्य पूर्णांक सहा यायला हवं. म्हणजे एकशे वीस माणसं मिळून अख्ख्या रिकाम्या खोलीएवढा आवाज पितात. शून्य पूर्णांक तीन यायचं तर एकूण आवाज रिकाम्या खोलीच्या चौपट प्यायला जायला हवा, म्हणजे माणसांचा वाटा तीन खोल्यांएवढा. तीनशे साठ माणसं. तिने फोन उचलला.

"काका, चकत्या किती उरल्यात?"

"चकत्या केव्हाच संपल्या गं!" काकांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "आता असंच सोडतोय. बिचारी किती लांबून आलीयेत पोरं. रांग पार कोपऱ्यापर्यंत आहे, कोपऱ्यापर्यंत!"

"काका, एकालाही खाली सोडू नका. मी हात जोडते."

"काय झालं?"

"खाली श्वास घ्यायला जागा नाहीये. जिना मोकळा ठेवा. आणि कुणाला काही बोलू नका, घाबरवू नका."

 काका अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "बरं, बेटा."

ती खुर्चीवर चढली. आता तिला नीट दिसलं. गर्दी नाचत नव्हती, हलत होती. एका भिंतीकडून दुसरीकडे, परातीतलं पाणी हिंदकळावं तशी, आणि ते हलणं कुणा एकाच्या हातात नव्हतं. स्टेजला चिकटून पिवळ्या टोपीतली एक मुलगी उभी होती. पहिल्या गाण्याला तिने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिचे हात खाली अडकले होते. ती खांदे हलवून ते वर काढू बघत होती, आणि निघत नव्हते. तोंड उघडं होतं, पण ती गात नव्हती.

 दिवे लावून माइकवरून ओरडावं? ओरडलं की तीनशे साठ माणसं एकदम एका जिन्याकडे वळणार. मागचं दार? तिने शेजारी पाहिलं. आठ स्क्रू, फळी, गाद्या, आणि त्यांना पाठ लावून उभी असलेली सातआठ माणसं. शिवाय ते दार उघडतं आतल्या बाजूला. दोन हात जागा झाल्याशिवाय ते देवालाही उघडलं नसतं. आणि ते तिने स्वतः बंद केलं होतं. हा विचार आला तसा तिने तो बाजूला सारला.

बँडच्या कानांत इअरफोन होते आणि त्यांत बोलायचं बटण ताईच्या टेबलावर होतं. दुसऱ्या गाण्यावरच्या टाळ्या आणि शिट्ट्या चालू असतानाच तिने ते दाबलं.

"धाकट्या, हसतोयस तसाच हसत राहा. चहाचं गाणं लाव."

त्याने मानेनेच नाही म्हटलं. गर्दीतून लाडक्या गाण्याचं नाव घेऊन ओरडा सुरू झाला होता. ढब्बूने काड्या उचलल्या.

"ढब्बू, थांब. ते गाणं वाजलं की सगळे पुढे रेटतील. धाकट्या, तुझ्या पायाशी पिवळी टोपी आहे. तिचे हात बघ."

धाकट्याने खाली पाहिलं. त्याचं हसू जागच्या जागी गोठलं. त्याने ओठ न हलवता माइकपासून तोंड वळवलं आणि तिच्याकडे पाहिलं. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर चढल्यावर उतरता येईना तेव्हा त्याने तिच्याकडे असंच पाहिलं होतं.

"मी आहे," ती म्हणाली. "लाव. आणि अर्ध्यात सोडू नकोस."

त्याने डोळे मिटले आणि खालची तार छेडली. एक सूर. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

ओरडा थबकला. कुणीतरी "अरे, हे काय?" म्हणालं. कुणीतरी हसलं. ताईने आवाज हळूहळू, कुणाला कळणार नाही असा उतरवला. मान ताणून ती वाट बघत राहिली. काहीच होईना. गर्दी पुन्हा एकदा डावीकडे झुकली आणि पिवळी टोपी दिसेनाशी झाली.

ताईने ओठ दाताखाली घट्ट धरला.

तेवढ्यात खोलीच्या मधून कुठूनतरी, सवयीने, निर्मळपणाने, न्हाव्याचा आवाज आला. "चला, चहा!"

जिन्याजवळच्या विज्ञानाच्या बाई वळल्या. त्यांच्यामागे त्यांचा भाऊ. आपलीच माणसं, चार वर्षं पाळलेल्या शिस्तीत, एकमेकांना "चल रे, चल गं" करत जिन्याकडे सरकली. शेजारच्या अनोळखी पोराने विचारलं, "मध्यंतर आहे का?" न्हावी म्हणाला, "हो तर! अकरा मिनिटं. हे गाणं संपेपर्यंत कुणी आत नसतं." हे बोलणं गर्दीतून पुढे पुढे गेलं. मध्यंतर आहे म्हणे. वर चहा आहे. दोघं दोघं करून माणसं चढू लागली. वरून काकांचा आवाज येत होता, "सावकाश, घाई नाही, गाणं कुठे पळत नाही."

सूर चढत होता. ताई बोटं मोडत, जिना माणसं गिळतोय ते बघत होती. दाराला पाठ लावलेल्यांपैकी तिघं निघाले, मग आणखी दोघं. तिने पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला. "जरा सरका हं, वारा घेऊ या," असं हसत म्हणाली, आणि तिचं हसणं तिलाच परकं वाटलं. पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याची खाच झिजली होती, स्क्रूड्रायव्हर घसरून तळव्यात रुतला. उरलेल्या माणसांतल्या एका दांडगट पोराने न विचारता फळीला हात घातला. आठवा स्क्रू निघाला तेव्हा गाद्या धपकन पडल्या, आणि दार वीतभर, मग हातभर, मग पुरतं आत उघडलं. संध्याकाळची गार हवा खोलीत शिरली. लोकांनी "हाऽऽ" केलं, आणि दाराजवळची माणसं आपणहून अंगणात गेली.

आता वाट पुढपर्यंत झाली. ताई स्टेजकडे धावली. पिवळी टोपी जमिनीवर होती आणि तिची मालकीण स्टेजला पाठ टेकून बसलेली, ओठ पांढरे. ताईने तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

"श्वास येतोय?"

मुलीने मान डोलावली. मग म्हणाली, "हात... वर येत नव्हते."

"आता येतील. चल, बाहेर."

अंगणाच्या पायरीवर बसवून ताईने तिला पाणी दिलं. मुलीने एक हात वर केला, मग दुसरा, आणि दोन्ही हातांकडे बघत राहिली. मग दाराकडे मान वळवून म्हणाली, "ते अजून वाजवतायत का?"

"हो. लांबलचक आहे."

"मला आत बसू दे ना. दाराशीच बसते."

ताई तिला दाराशी खुर्चीवर बसवून मिक्सरकडे परतली. हाताला रक्त लागलं होतं, बटणांवर डाग पडत होते. तिने मान वर केली नाही. खोलीत किती उरलेत ते डोळ्यांनी बघायची तिच्यात हिंमत नव्हती. धाकट्याचेही डोळे अजून मिटलेलेच होते. टाकी काठोकाठ भरत आली, शेवटचा सूर लागला, आणि ढब्बूने एकच ठोका दिला.

पडद्यावर आलं: शून्य पूर्णांक सात. उघड्या दाराचा हिशेब धरला तरी ऐंशीएक माणसं शेवटपर्यंत थांबली होती.