अकरा सेकंद

प्रश्न विचारल्यापासून बाईंचा पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत सरासरी अकरा सेकंद लागतात. हे मी घड्याळ लावून मोजलं, पण त्यांच्याकडे मदतनीस म्हणून लागून आठ महिने झाल्यावर. रसायनशास्त्र शिकलेल्या माझ्यासारखीने मोजायला इतका उशीर लावावा!

बाई गणित शिकवायच्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणं मंदावलं. आंघोळ घालून मी विचारायचे, "निळा गाऊन की पांढरा?" आणि चौथ्या सेकंदाला "निळाच बरा" म्हणत बाही चढवायचे. कधी त्या सुरू करायच्या, "मला... सांगायचंय..." मी म्हणायचे, "हो हो, चहा ना? आणते."

मदतनीस पुरवणाऱ्या आमच्या संस्थेच्या वार्षिक फॉर्मवर 'स्वतःचे निर्णय सांगू शकतात का?' यापुढे मी 'नाही' लिहिलं. त्याच्या आधारावर बाईंच्या धाकट्या भावाने त्यांना घरातून निवासी केंद्रात हलवायचं ठरवलं.

मग गेल्या आठवड्यात माझा घसा बसला. गाऊनचं कसंबसं विचारलं आणि गप्प राहिले.

"पांढरा," बाई म्हणाल्या.

आठ महिने मी त्यांना निळा घालत होते.

आज भाऊ आणि संस्थेच्या पर्यवेक्षिका केंद्राच्या कागदांवर सही करायला बसले होते.

"ताईला काय विचारायचं?" भाऊ बाईंच्या देखतच म्हणाले. "उत्तर येईपर्यंत संध्याकाळ होईल."

हा सूर माझ्या ओळखीचा होता. माझाच होता.

"फॉर्म चुकलाय," मी म्हणाले. "मी कधी थांबलेच नाही. त्यांना विचारा, आणि कोणीही मध्ये बोलू नका."

पर्यवेक्षिकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्ची बाईंसमोर ओढली. "बाई, तुम्हाला कुठे राहायचंय?"

भावाने तोंड उघडलं. मी हात वर केला. सात. आठ. उत्तर माझ्याच जिभेवर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटले.

"इथंच," बाई म्हणाल्या. मग भावाकडे वळून, "संध्याकाळ... झाली का रे? हिशोबात... पहिल्यापासून कच्चा."

भाऊ हसले आणि खाली बघू लागले. पर्यवेक्षिकांनी फॉर्मवरचं माझं 'नाही' खोडलं. मला हायसं वाटलं.

"आणखी काही सांगायचंय, बाई?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मोजलं नाही.

"आठ महिने... सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मला... दुसरी मदतनीस द्या."