तिसऱ्यांदा विचारायचं असतं

जानराव दर्यापूरहून अमरावतीला पुतणीच्या लग्नाला निघाले तेव्हा त्यांचा राग त्यांच्यासोबत एसटीत बसला होता. राग अंगानं मोठा होता. बायकोला, कौशल्याबाईंना, खिडकीशी जेमतेम टेकायला जागा उरली.

"तोंड उघडा अन् सांगून टाका पोट्ट्याले," कौशल्याबाई म्हणाल्या. "मले करायचं हाय कन्यादान, म्हना. जीभ झडते का?"

"त्यानं विचारलं होतं."

"मंग?"

"एकदाच विचारलं."

यावर कौशल्याबाईंनी वलगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

भानगड अशी होती. जानरावांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याची पोरगी प्रणाली पाचवीत होती. तिची आई सुभद्रा अमरावतीला दवाखान्यात नर्स, रात्रपाळ्या करणारी. म्हणून पोरगी दर्यापूरला मोठेबाबांकडे राहिली. बाप गेल्यावर तिनं जेवण सोडलं होतं. जानराव ताट घेऊन तिच्यामागं घरभर फिरायचे. "खातं का बाप्पा?" "नाही." "एक घास?" "नाही." "बरं, मी खातो, तू पाह्य." तिसऱ्या-चौथ्या विचारण्याला पोरगी तोंड उघडायची. अशी ती दहावीपर्यंत नाही म्हणत म्हणत वाढली, आणि चांगली वाढली. तिचं कन्यादान आपल्या हातून व्हावं, यापलीकडे जानरावांना देवाकडे काही मागायचं नव्हतं. देवाकडे ते मागतही होते. माणसांकडे मागायची मात्र त्यांना सवय नव्हती.

मग प्रणालीचा भाऊ नितेश पुण्याहून आला. हा कॉम्प्युटरवाला. दारात बूट काढत त्यानं विचारलं, "मोठेबाबा, कन्यादानाला तुम्ही आणि मोठ्याई बसाल ना?"

जानरावांच्या छातीत ढोल वाजला. पण माणसानं काही रीतभात पाळायची असते की नाही? आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर नाही म्हणतात. चहाला नाही, जेवणाला नाही, खुर्चीला नाही, सरपंचपदाला तर नाहीच नाही. हे नाही म्हणजे दार वाजल्यावर आतून येणारं 'कोन हाय?' असतं. ते ऐकून कोणी घरी परत जात नाही. समोरचा पुन्हा म्हणतो, "असं कसं?" आपण पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो हात धरतो, मग आपण म्हणतो, "आता तुमी एवढं म्हनताच तं." झालं. सगळ्यांचा मान सगळ्यांना पोचला.

म्हणून जानराव म्हणाले, "आता माह्यानं पाटावर बसनं होत नाही बा. गुडघे गेले. दुसरं कोनी पाहा." आणि दुसऱ्या विचारण्यासाठी चेहरा तयार करून बसले.

नितेश म्हणाला, "ओके मोठेबाबा. तुमच्या निर्णयाचा आदर आहे."

"काय?"

"आम्ही फोर्स नाही करणार. आमच्या ऑफिसमध्ये तर याचं ट्रेनिंगच देतात. नाही म्हणजे नाही."

त्यानं बूट घातले आणि गेला. जानराव फाटकापर्यंत त्याच्यामागं गेले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिथंच उभे होते, कारण रीतीप्रमाणे तो परत यायला हवा होता. निर्णय! कोणी केला होता निर्णय? त्या दिवशी सकाळीच ते गच्चीवरच्या टाकीत उतरून, उकिडवं बसून शेवाळ घासून आले होते. त्यांचे गुडघे अख्ख्या घरात सगळ्यात धडधाकट होते.

नंतर नितेशचा एकदाच फोन आला. जानरावांनी पहिल्याच रिंगला उचलला, मग लक्षात आल्यावर जरा वेळानं हॅलो म्हणाले.

"मोठेबाबा, पंगतीला पुलाव ठेवू की साधा भात?"

"कोनताही चालते," जानराव म्हणाले. त्यांना पुलाव हवा होता.

"ओके," नितेश म्हणाला.

शेवटी पत्रिका आली तेव्हा कळलं, कन्यादानाला अकोल्याचे उत्तमराव बसणार. उत्तमराव म्हणजे प्रणालीचे मामा. जानरावांनी पत्रिका कुलरच्या टपावर आपटली.

"मामाचं काम काय असते? पोरीले मांडवात आनायचं. आनली का मांगं व्हायचं. कुरियरवाला पार्सल देते अन् घरात येऊन पंख्याखाली बसते का?"

"मी करते नितेशले फोन," कौशल्याबाई म्हणाल्या.

"खबरदार! मान म्हंजे काय सांबाराची जुडी हाय? भाजीवाल्याले मांगितली अन् पिशवीत टाकली?"

तर असा तो राग एसटीतून उतरला, ऑटोत बसला आणि वलगाव रोडवरच्या लॉनवर पोचला.

मे महिना. अमरावतीची हवा अशी, की कापूर न पेटवता जळावा. जानरावांनी मांडवाच्या कडेला एक प्लास्टिकची खुर्ची निवडली. तिचा एक पाय आखूड होता. पुढं मानाचे बरेच सोफे रिकामे होते. तिथं कोणीतरी नेऊन बसवेपर्यंत त्यांना बसायचं नव्हतं. आपण इथं बसलो आहोत हे सगळ्यांना दिसावं, आणि कोणाकडे आपण पाहत नाही हेही दिसावं, अशी ती जागा होती.

नितेश धावत आला. "मोठेबाबा, पुढं बसा ना सोफ्यावर."

"इथंच बरा हावो."

"ओके. चहा?"

"नोको."

"कुलर इकडं वळवू?"

"काही गरज नाही."

"ओके," नितेश म्हणाला आणि कुलर उत्तमरावांकडे वळवला.

उत्तमराव सोफ्यावर बसले होते. आधीच जाड माणूस, त्यात गार हवा लागल्यावर शर्ट फुगला. जानरावांना तो हवा भरलेला मान वाटला. उत्तमरावांच्या डोक्यावर फेटा होता, गुलाबी, तुरा असा की वर पंख्याला लागेल. फेटेवाला जानरावांकडेही आला होता. "बांधू का काका?" जानराव म्हणाले, "राहू दे." फेटेवाल्यानं पुढच्या डोक्याला बांधला. अशा रीतीनं फेटे संपले. शेवटचा फेटा जनरेटरवाल्याला मिळाला आणि तो धुरात नवरदेवासारखा उभा राहिला.

जानरावांच्या कपाळावरून घाम नाकावर आला. पुसला असता तर गरम होतंय हे कळलं असतं. पुसला नाही.

मग कुलरची नळी निसटली. पाणी मांडवभर झालं, पोरं घसरायला लागली, आणि जानरावांना राहवलं नाही. उठले, कुलरमागं गेले, खाली बसले, धोतराचा सोगा खोचून नळी दाबून बसवली. वर पाहतात तर प्रणाली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातात मोबाइल.

"गुडघे दुखतात म्हने?" ती म्हणाली.

जानराव उकिडवे बसलेले होते. ते "आई गंऽऽ" म्हणत, कुलर धरून, अत्यंत सावकाश उठले.

"मोठ्याईनं सांगितलं मले. टाकीत उतरून शेवाळ घासलं."

"टाकीत पानी असते. पान्यात दुखत नाही."

"खोटं बोलू नका. नितेश म्हने, तुमी नाही म्हनले. मले वाटलं होतं तुमी..." ती थांबली. तिचं नाक लाल झालं. हे नाक जानरावांच्या घराण्यातलं होतं. राग आला की आधी तिथं दिसायचा. "जाऊ द्या. तुमाले नाही बसायचं तं नाही बसायचं. मी काहून पाया पडू?"

"मी कुठं म्हनलं पाया पड?"

"मंग काय म्हनता?"

जानरावांच्या घशात वाक्य आलं होतं. 'मले बसायचं हाय, बाई.' एवढंसं वाक्य. पण त्याच्यावर कोणीतरी बसलं होतं, उत्तमरावांपेक्षा जाड, फेटा बांधून. वाक्य खाली दबलं आणि त्याच्याऐवजी वर आलं ते हे:

"तुह्या मामाले बसव. त्याले शोभून दिसते. कुलर हाय, तुरा हाय."

"बसवतेच!" प्रणाली म्हणाली. "एकदा विचारलं होतं ना नितेशनं? मी नाही विचारनार. तुमाले का मी ताट घेऊन फिरू मांडवभर?"

ती पाय आपटत गेली. पैंजण होते, त्यामुळे आवाज मंगल आला.

जानराव खुर्चीवर परत आले. आता ते नितेशवर चिडले होते, उत्तमरावांवर चिडले होते, पोरीवर चिडले होते, खुर्चीच्या आखूड पायावर चिडले होते. मंगलाष्टकं सुरू झाली. लोकांनी अक्षता टाकल्या. जानरावांनी अशा फेकल्या की दोन रांगा पुढच्या माणसानं मान चोळली. जिच्यामागं ते ताट घेऊन फिरले ती पोरगी त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी होऊन दुसऱ्याच्या हातून दिली जाणार होती, आणि ते खुर्चीत बसून पाहणार होते. कारण काय, तर एका पोट्ट्यानं मोजणी एकावर थांबवली.

"कन्यादानाले कोन बसते?" गुरुजींनी विचारलं.

उत्तमराव उठले. शर्ट ओढला, तुरा चाचपला. मग चारचौघांत करायची तशी रीत करायला ते मांडवाच्या कडेकडे वळले. दोन्ही हात पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जानरावभाऊ! तुमीच बसा ना! मान तुमचा हाय!"

मांडवातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला पुढचं माहीत होतं. जानराव हात जोडून म्हणणार, नाही नाही, तुमीच. उत्तमराव म्हणणार, असं कसं. जानराव पुन्हा नाही. मग उत्तमराव नाइलाजानं पाटावर बसणार. अगदी सरळ व्यवहार होता.

जानरावांचं तोंड 'नाही' म्हणायला उघडलंही. जन्मभराची सवय, 'ना'साठी जीभ दातांमागं जाऊन टेकली. तेवढ्यात त्यांना मांडवात प्रणाली दिसली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. पाहत नाही हे दिसावं असं पाहत नव्हती. आपलीच खुर्ची, आपलंच बसणं, पोरीनं जसंच्या तसं उचललं होतं.

"बरं," जानराव म्हणाले.

आणि ते निघालेही. चपला वाटेत कुठंतरी सुटल्या. कौशल्याबाई त्यांच्याआधी पाटावर पोचल्या होत्या. त्या बायकांच्या घोळक्यातून कधी निघाल्या हे कोणालाच सांगता आलं नाही.

उत्तमरावांचे हात हवेतच राहिले. जानरावांना मिठी मारायला पसरल्यासारखे ते दिसत होते, आणि फोटोग्राफरनं तसाच फोटो काढला.

"मामा, तुम्हाला चालेल ना?" नितेशनं विचारलं. "नक्की?"

"मले?" उत्तमराव म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "मले काय! उलट बरं झालं. माह्ये गुडघे..."

"ओके," नितेश म्हणाला.

जानराव पाटावर मांडी घालून बसले, अशी की आखाड्यात पैलवानानं घालावी. प्रणालीचा हात त्यांच्या हातात आला. मेंदीखाली तो हात गार होता. पाण्याची धार सोडताना ती मान खाली घालून पुटपुटली, "गुडघे?"

"चूप बस."

"तिसऱ्यांदा विचारलं का मामानं?"

"एकदाच. चूप बस म्हनलं ना." त्यांच्या नाकावरून एक थेंब पाण्याच्या धारेत पडला. घामच होता तो. मे महिना होता.

सगळं पार पडल्यावर जानराव मांडवातून उठले आणि त्यांनी आपला राग शोधला. तो जायला हवा होता. गेला नव्हता, नुसता सरकून बसला होता. आता तो उत्तमरावांवर होता, नवीन कारणानं. एवढ्यात सोडलं? पोरीचं कन्यादान, आणि एका 'बरं'वर सोडून दिलं या माणसानं? हिसकून घ्यायचं, भांडायचं, म्हणायचं, जानराव, उठा पाटावरून! काही जीव होता की नाही त्याचा भाचीत?

मग त्यांना उत्तमराव दिसले. मांडवाच्या कडेला, आखूड पायाच्या खुर्चीवर. फेटा सोडून मांडीवर ठेवलेला. घाम नाकावर आलेला, पुसलेला नाही.

जानराव तिथं जाऊन उभे राहिले. "चला जेवाले."

"भूक नाही," उत्तमराव समोरच्या खांबाला म्हणाले.

जानरावांना हे नाही चांगलं ओळखीचं होतं. ते आतून कसं दिसतं, कुठं दुखतं, सगळं माहीत होतं. आता 'बरं' म्हणून निघून जाता आलं असतं, आणि तशी इच्छाही झाली. फार गोड इच्छा होती ती. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. दोघांनी मिळून खांबाकडे पाहिलं.

नितेश धावत जात होता. "काका-मामा मंडळी, जेवलात ना?"

"हो हो, झालं!" दोघे एकदम म्हणाले.

"ओके!" नितेश म्हणाला आणि गेला.

दोघांनी पुन्हा खांबाकडे पाहिलं.

"तुमचं पोट्टं," उत्तमराव शेवटी दात आवळून म्हणाले, "मानसात बसवाच्या लायक नाही."

"तुमचा भाचा हाय थो."

"तुमच्या घरचं रक्त हाय!"

"पुन्यात बिघडलं," जानराव म्हणाले, आणि दोघांचं एकमत झालं. तिकडं केटररची पोरं जिलेबीचं टोपलं उचलत होती. जानरावांच्या पोटातून आवाज आला. "चला म्हनतो ना."

"राहू द्या हो."

"उत्तमराव, उठता का आता, का हात धरू?"

उत्तमरावांनी फेटा उचलला, झटकला, पुन्हा डोक्यावर ठेवला. वाकडा. "आता तुमी एवढं म्हनताच तं."

पंगत उठली होती. वांग्याची भाजी पुसून निघाली होती, पुऱ्या संपल्या होत्या, जिलेबी गाडीत चढली होती. वाढपी म्हणाला, फक्त भात आहे.

जानरावांनी ताट पुढं केलं. भात साधा होता.

"नितेश!" ते मांडवभर ओरडले.