केवळरामचा वाटा

ते १९५५ साल होतं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा आणि आमची राजधानी नागपूर होती. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन चारेक वर्षं झाली होती आणि आमचं तळं सरकारजमा झालं होतं.

गाव चिचबोडी, धानोऱ्याच्या रस्त्यावर, जंगलाला लागून. वस्ती बहुतेक आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची. मी मनसारामांची सून. घरात सासरे, मी, माझा नवरा केवळराम आणि नणंद कुंता. सासू मी यायच्या आधीच गेली होती. त्या पावसाळ्यात मला पाचवा महिना होता.

तळं मालगुजाराचं असलं तरी त्यातली मासोळी पिढ्यान्‌पिढ्या आमची होती. ढिवराच्या घरातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाचा तळ्यात एक वाटा. आजारपण आलं, म्हातारपण आलं, वर्षभर जाळं पाण्यात पडलं नाही, तरी वाटा जात नसे. तो जायचा एकाच रीतीनं. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली दगडी पार होता. त्या पारावर बसून, चौघांच्या समोर, माणसानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं की मला काम नाही. दुसऱ्या गावी घरजावई जाणाऱ्यासाठी ही रीत पडली होती. एकदा म्हटलं की वाटा सुटला, त्याचा आणि त्याच्या मुलांचाही. मग तो खुशाल कुठेही जाऊ शकत होता, पण वाटा परत मिळत नसे.

सरकारनं तळ्याचा लिलाव केला आणि बाहेरच्या एका ठेकेदारानं तळं घेतलं. त्यानं मासे धरायला आपली माणसं आणली. आमच्या माणसांनी पाळीवर बसून पाहायचं. ओढ्यात, धानाच्या बांधीत मिळेल ते धरायचं, नाहीतर मोहफुलं उकडून खायची. तळं ढिवरांनाच परत द्यावं म्हणून अर्ज गेला होता. म्हातारी माणसं सांगत, तळं येईल, आणि येईल तेव्हा जुन्या वाट्यांप्रमाणेच वाटलं जाईल. त्यामुळे पोटात काही नसलं तरी वाटा मात्र प्रत्येकानं जिवापाड धरून ठेवला होता.

लिलाव झाला त्याच आठवड्यात देवाजी नावाचा एक जण पारावर बसून रागानं बोलून गेला होता, या तळ्यावर आता मले काय काम नाई. ऐकायला चौघं होती. सासरे मुख्य पंच होते. देवाजीनं पाय धरले, रागात बोललो म्हणाला. सासऱ्यांनी ऐकलं नाही. रीत मोडली तर उद्या कोणाच्याच शब्दाला किंमत राहणार नाही, असं ते म्हणाले आणि देवाजीचा वाटा गेला.

भादव्यात गुणवंतराव नावाचे साहेब आले. देशात किती लोक कामावर आहेत आणि किती रिकामे, याची दिल्लीहून पाहणी निघाली होती. सगळ्या गावांत जाणं शक्य नाही म्हणून थोडी गावं निवडायची, गावातलीही थोडीच घरं. पहिलं घर कोणतं आणि त्यापुढे किती घरं सोडून दुसरं, हे नागपूरहूनच ठरून आलं होतं. साहेबांनी आधी सगळी घरं मोजली, मग त्या हिशेबानं निवडली. त्यात आमचं आलं, देवाजीचंही आलं. आमचंच काऊन, म्हणून कुंता घाबरली. साहेबांनी समजावलं, की इथलं एक घर म्हणजे देशातल्या हजारो घरांच्या वतीनं बोलणारं घर.

शाळा गळत होती. कोतवाल सोमाजीनं साहेबांची बसायची सोय पारावर केली. उघडीप होती, सावली होती, बसायला ऐसपैस. सोमाजी ढिवर नव्हता. त्याला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही, कारण साहेबाची चौकशी आणि पंचांची बैठक यांचा काही संबंध असेल असं कोणाला वाटेल?

पहिला नंबर देवाजीचा. गेल्या सात दिवसांत काय काम केलं, असं साहेबांनी विचारलं.

"ठेकेदाराची मासोळी पाह्यत बसलो साहेब. हे काम धरता का?"

"त्याचे पैसे मिळाले?"

"शिव्या मिळाल्या."

सगळे हसले, साहेबही हसले. मग त्यांनी विचारलं, काम शोधत होता का? देवाजी म्हणाला, इथी कुठी शोधू, जंगलात अस्वलाले विचारू का? तरी साहेबांनी नेटानं दोनतीनदा विचारून काढलं, की मिळालं तर करशील ना. देवाजी करीन म्हणाला. त्याला गमवायला काही उरलं नव्हतं.

मग आमचं घर. मी आणि कुंता पाळीच्या उतारावर उभ्या होतो. सासऱ्यांनी पागोटं नीट केलं आणि सांगितलं, मी अन् पोरगा, दोघंही कामावर आहोत. कोणतं काम? तळ्याची राखण. कोणासाठी? आपल्यासाठी. साहेबांनी क्षणभर लेखणी थांबवली, पण लिहून घेतलं. सुनेचं विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, ते घरीच राह्यते. त्या दिवशी सकाळी मी पाटलाकडे धान कांडून पदरात कणी घेऊन आले होते. घरात रांधायला तेवढंच होतं. साहेबांनी घरकाम लिहिलं.

तेवढ्यात त्यांना मागे उभा असलेला केवळराम दिसला. माणूस हजर असेल तर त्यालाच विचारायचं, असा त्यांचा नियम होता. त्यांनी त्याला पारावर बोलावून शेजारी बसवलं. केवळराम बापाकडे पाहत राहिला. साहेबांना वाटलं, पोरगा सरकारी माणसाला भितो.

"मी फक्त गेल्या सात दिवसांचं विचारतोय," ते म्हणाले. "मागचं नाही, पुढचं नाही. जे असेल ते सांगा."

केवळराम खोटं बोलणारा नव्हता, आणि साहेबांनी सात दिवसांचंच म्हटल्यावर त्याला खरं सांगण्यात काही वावगं दिसलं नाही.

"गेल्या हप्त्यात मले काम नाई साहेब," तो म्हणाला. "मिळालं तर करीन."

साहेब लिहू लागले. मग इसरू, पंचांतला सगळ्यात म्हातारा, हळूच म्हणाला, "केवळ्या, कुठी बसून बोल्ला तू?"

केवळरामनं खाली पाराकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

साहेबांना काय झालं ते सोमाजीनं समजावून सांगितलं. ते उठूनच उभे राहिले. मी सरकारी प्रश्न विचारला, त्यानं त्याचं उत्तर दिलं, याच्यात तुमचा वाटा कुठून आला, असं पुन्हा पुन्हा सांगू लागले. इसरूलाही ते पटत होतं. मनसाराम म्हणतील तसं, असं तो म्हणाला. सगळे सासऱ्यांकडे पाहू लागले. त्यांनी नुसतं म्हटलं असतं, की हे सरकारचं बोलणं होतं, पंचांचं नाही, तर तिथेच विषय संपला असता. त्यांचे ओठ हललेही. मी पाहत होते.

देवाजी उठला नाही की आवाज चढवला नाही.

"मनसारामभाऊ," तो म्हणाला, "मी बी त्या दिवसापुरतंच बोल्लो होतो."

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, मी हे खोडतो, याला कामावर आहे असं लिहितो, मग तर झालं?

"कागद खोडान साहेब," सासरे म्हणाले. "चौघांचे कान कसे खोडान?"

ते घरी आले. खुंटीवरचं केवळरामचं जाळं काढलं आणि वाटा सुटलेल्या माणसाच्या जाळ्याचं करतात तसं केलं. ओट्यावर बसून त्याच्या काठाला वजनासाठी लावलेल्या लोखंडी कड्या एकेक करून सोडल्या आणि इसरूच्या हाती दिल्या. कुंता मदतीला गेली, तर तिला बाजूला केलं. केवळराम समोर उभा राहून पाहत होता. तो एवढंच म्हणाला, "बा, मी खोटं बोल्लो असतो तर चाललं असतं तुमाले?" सासऱ्यांनी पुढची कडी सोडली.

वाटा नसलेल्या ढिवरानं तळ्याच्या गावात करायचं तरी काय? देवाजी जंगलात लाकूड तोडायला जायचा आणि हिवतापानं कण्हत परत यायचा. पाऊस ओसरल्यावर केवळराम राजुऱ्याकडच्या कोळशाच्या खाणीवर गेला. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, म्हणजे आम्हाला परमुलूखच. बाळंतपण झाल्यावर मीही मागून गेले. निघताना सासऱ्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला.

तीन-चार वर्षांनी अर्ज मंजूर झाला. तळ्याची सोसायटी झाली, ठेकेदार गेला, आणि म्हातारी माणसं सांगत तसंच झालं, जुन्या वाट्यांप्रमाणे सभासद घेतले. सासऱ्यांनी आमच्या घरचा एकच वाटा सांगितला. सोसायटीनं पहिल्यांदा मासे धरले तेव्हा पोतीच्या पोती मासोळी निघाली, असं कुंताचा निरोप आला. त्या दिवशी केवळराम खाणीत होता. कामावरून आल्यावर त्याला सांगितलं, तर त्यानं आंघोळीचं पाणी मागितलं.

मनसाराम त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटी केवळरामला बोलवा म्हणाले होते. निरोप आम्हाला मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इसरू त्यांच्या आधीच गेला. देवाजीला सोसायटीत घेतलं नाही. तो आलापल्लीला लाकडाच्या डेपोत मजुरीला लागला आणि तिथेच वारला. कोतवाल सोमाजीनं पुढे कोणालाही त्या पारावर बसवलं नाही. गुणवंतराव एकदा बदलीवर चांद्याला आले तेव्हा केवळरामची चौकशी करून गेले, असं सोमाजीकडून कळलं. खाणीवर आम्ही नेमके कुठे राहतो, ते त्यालाही सांगता आलं नाही. केवळरामचे पुढे काही वर्षांतच खोकल्यानं हाल झाले. छातीत कोळसा बसलाय, एवढंच डॉक्टर म्हणाले. वयाच्या पन्नाशीआधी तो गेला. कुंताचं लग्न घनश्याम नावाच्या ढिवराशी झालं, तो घरजावई म्हणून चिचबोडीला आला आणि मनसारामांचा वाटा त्याला मिळाला. दोघंही आता नाहीत, वाटा त्यांच्या मुलांकडे आहे. पोरं चांगली आहेत, मी चिचबोडीला गेले की मासोळी रांधून घालतात.

मी राजुऱ्याला मुलाकडे असते. त्याला आणि नातवांना जाळं टाकता येत नाही.