धाकट्यासाठी बनवलेलं कवच

साडू या नात्यातच काहीतरी खोट आहे, असं थोरल्याचं ठाम मत होतं. भाऊ असता तर चार शिव्या हासडता आल्या असत्या. मित्र असता तर तोडून टाकता आला असता. साडूचं काय करायचं? बायकोच्या बहिणीचा नवरा म्हणजे आयुष्यभर शेजारच्या खुर्चीवर बसवलेला माणूस. सासरे दोघांकडे एकदमच बघणार आणि मनातल्या मनात मापं काढणार.

आणि हा धाकटा साडू तर थोरल्याने स्वतःच्या हाताने खेळात आणलेला. आता बोला!

खेळ एअरसॉफ्टचा. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात दर सुट्टीला चांगली वयाने वाढलेली माणसं दोन तट करायची आणि प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या बंदुका घेऊन एकमेकांमागे धावायची. कोणी बँकेत नोकरीला, कोणी शाळेत शिकवणारी. कॅप्टन तर ऑपरेशनआधी भूल देणारी डॉक्टरीण. बंदुका विकतच्या, पण बाकीचा थाट, म्हणजे नुसते दिसायचे वायरलेस, हेल्मेट, छातीवरची कवचं, हे सगळं थोरला घरी बनवायचा. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या करायचा, त्यामुळे फोमचे पत्रे, पाइपचे तुकडे आणि रंगाचे डबे घरात पायात यायचे. फोम तापवून तो असा बाक द्यायचा आणि करड्या रंगावर कडेकडेने चंदेरी ब्रश असा फिरवायचा, की बघणाऱ्याने पोलादच समजावं. गिऱ्हाइकं त्याला "ओ पाटीवाले" म्हणायची, बायको "अहो" म्हणायची. टीम मात्र "उस्ताद" म्हणायची. उस्ताद म्हणणारी जगाच्या पाठीवर तेवढी एकच जागा होती.

मग एक दिवस बायको म्हणाली, "अहो, धाकट्यांनाही न्या ना बरोबर. सुट्टीभर घरात बसून असतात, बहीण वैतागलीये माझी."

नेलं. धाकटा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हा त्यात खोटे दात बसवायचा. थोरल्याने टीमला ओळख करून दिली, "हे आमचे साडू. खेळताना कोणाचे दात पडले तर घाबरू नका." सगळे हसले. धाकटा सगळ्यांत जास्त हसला आणि तेव्हाच तो थोरल्याच्या जरासा डोक्यात गेला.

थोड्याच दिवसांत धाकट्याने एक वायरलेस बनवून आणला. साच्यातून काढलेला, वजनाला बरोबर. बटण फिरवलं की कट्‌कट् वाजायचं. अंगठा जिथे टेकतो तिथला रंग मुद्दाम उडवलेला.

"खोटे दात पांढरेशुभ्र केले ना दादा, की लगेच खोटे दिसतात," तो समजावून सांगत होता. "जरा वापरलेले दिसले पाहिजेत."

कॅप्टनने कमरेचा थोरल्याने केलेला वायरलेस काढला, पिशवीत टाकला आणि हा नवा लावला. "काय हात आहे हो तुमचा, उस्ताद!"

"छे हो, त्यात काय," असं म्हणायला थोरल्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, बाई धाकट्याकडे बघून बोलतायत. उघडलेलं तोंड त्याने खोकून मिटवलं.

घरी आला तर बायकोच्या हातात मोबाइल. "बहिणीने फोटो पाठवलाय. अगदी खरा वाटतो, नाही?"

"खेळणं आहे ते."

"हो, पण तुमचं खेळणं खेळण्यासारखं दिसतं." ती अगदी सहज बोलली आणि भाजी चिरायला गेली. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून त्याला धाकट्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याचं हसणं, त्याची स्वच्छ नखं, आणि ते सारखं दादा, दादा! टीममध्येही आता हेल्मेटचा पट्टा तुटला की लोक धाकट्याकडे जायचे. मेला एकदा तरी चुकेल म्हणून थोरला वाट बघत बसायचा, आणि तो काही चुकायचा नाही.

दुसऱ्या गावची टीम खेळायला येणार होती. त्याच्या आदल्या आठवड्यात धाकटा स्वतःच थोरल्याच्या दारात उभा राहिला.

"दादा, मला एक कवच करून द्या. छोट्या वस्तू जमतात मला. फोमला बाक द्यायला गेलो तर सगळा जळाला. ते तुमचंच काम."

थोरल्याला क्षणभर गुदगुल्या झाल्या. पण क्षणभरच.

कवच करण्यात एक गोम असते. दिसायला ते जाडजूड हवं, पण प्रत्यक्षात पातळ आणि आतून पोकळ. छर्रा बसला की टक् वाजला पाहिजे आणि छातीला कळलं पाहिजे, कारण हा अख्खा खेळ शब्दावर चालतो. पंच कुठे कुठे बघणार? ज्याला लागली त्याने आपणहून हात वर करायचा, "लागली!" म्हणून ओरडायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. नेम चुकला, पळताना पडलं, सगळं चालतं. लागून गप्प बसलेला माणूस मात्र चालत नाही. त्याच्याशी पुन्हा कोणी खेळत नाही.

हे थोरल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यानेच तर सगळ्यांना पढवलं होतं.

त्याने कवच केलं, आणि सुरेख केलं. मग आतल्या पोकळीत मऊ रबराचा जाड थर चिकटवला आणि वरून अस्तर लावलं. बोटाने टिचकी मारून बघितली. आवाज आला नाही. 'होऊ दे जरा फजिती,' तो स्वतःशी म्हणाला. 'उतरू दे थोडा खाली.' हात धुताना त्याने आरशात बघायचं टाळलं.

फजिती झाली, आणि थोडीथोडकी झाली नाही. पाहुण्या टीमच्या एका पोरीने ड्रमामागून धाकट्याच्या छातीवर नेम धरला. एक, दोन, तीन छर्रे. धाकटा आपला पुढे धावतोच आहे! "अहो लागली! लागली तुम्हाला!" चहूकडून ओरडा झाला आणि खेळ थांबला. पाहुणे खवळले. "असली माणसं घेऊन खेळता होय?"

कॅप्टनचा चेहरा पडला होता. "कळलं नाही का तुम्हाला? कवचात काही गडबड आहे का?"

धाकट्याने कवचावर हात ठेवला. थोरल्याकडे एकदा बघितलं. "नाही, नाही. दादांच्या कामात खोट नसते. लागली होती मला. मीच बोललो नाही. चुकलं."

कोणीतरी थुंकलं. कॅप्टन थोरल्याकडे वळली. "उस्ताद, तुम्ही एकदा बघता का?"

उस्ताद! किती दिवसांनी. थोरल्याने कवच हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि टिचकी मारल्यासारखं केलं.

"कवच ठीक आहे," तो म्हणाला.

"मग यापुढे येऊ नका," कॅप्टन धाकट्याला म्हणाली. धाकट्याने बंदूक पिशवीत भरली आणि सगळ्यांना नमस्कार केला. परत कोणी केला नाही.

परतताना थोरला गाडी चालवत होता आणि मनातल्या मनात खूश व्हायचा प्रयत्न करत होता. जमत नव्हतं. रेल्वे फाटकापाशी धाकटा म्हणाला, "दादा, एक विचारू? रबर घातलंत ना आत?"

थोरल्याचा पाय ब्रेकवर गेला.

"हातात घेतल्याबरोबर कळलं होतं मला. आमचं कामच वजनाचं. पहिल्या दिवशी माझ्या छातीवर वळ उठले होते, ते तुम्ही बघितले होतेत. म्हणून मऊ घातलंत. मला वाटलं, तरी लागल्याचं थोडंफार कळेल." तो खिडकीबाहेर बघत होता. डोळे पुसल्याचं दिसू नये म्हणून बघत होता, हे उघड होतं. "तुम्ही माझी काळजी केलीत आणि मी चारचौघांत तुमचं नाव घालवू? माझं काय, मी कालचा आलेला. तुम्ही उस्ताद आहात त्यांचे."

थोरल्याला वाटलं, याच्या कानाखाली दोन वाजवाव्यात. अरे, चिड की! शिव्या दे! एवढं भलं असायचं कसं जमतं याला? वायरलेस एक वेळ बघून बघून शिकता आला असता. हे कुठून आणायचं?

त्याने गाडी वळवली. धाकटा "दादा, काय झालं, दादा" करत मागे येत होता. कारखान्याच्या आवारात दोन्ही टीम चहा पीत उभ्या होत्या. थोरल्याने ड्रमावर कवच ठेवलं, कटर काढलं आणि आपलंच सुरेख काम मधोमध चिरलं. काळं रबर बाहेर लोंबलं.

"मी घातलंय," तो कॅप्टनला म्हणाला. "याला कळू नये म्हणूनच घातलं. तुम्ही याला उस्ताद म्हणालात ते मला सोसलं नाही."

कॅप्टनने कप खाली ठेवला. धाकटा रबराच्या त्या तुकड्याकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा हसरा नव्हता. मग तो पुढे झाला आणि थोरल्याच्या हातातलं कटर त्याने हळूच काढून घेतलं, कारण पातं उघडं होतं.

"लागेल तुम्हाला," तो म्हणाला. दादा म्हणाला नाही.